पलटणीनें बांधलेली शाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायदेसंग्रहांत सैन्यविषयक असा जो दहावा भाग आहे, त्यांत ४०१ या क्रमांकाचें एक कलम आहे. इ. स. १९८६ मध्यें तें तेथें दाखल झालें. परदेशांतील खेडुतांना औषधपाणी द्यावें, त्यांच्यासाठीं विहिरी खणाव्या, साधे रस्ते करावे, सार्वजनिक उपयोगाच्या साध्या इमारती बांधाव्या अगर दुरुस्त कराव्या, अशी मुभा या कलमानें अमेरिकन सैन्याला दिली आहे. शाळा या शेवटच्या सदरांत येतात. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा देशांतील कित्येक खेड्यांत सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि वर पत्रे अशा ज्या लहान लहान शाळा सैनिकांच्या हातून उभ्या राहिल्या, त्या याच कलमाच्या आधारें. येथवर कोणासहि आक्षेप घेण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. परंतु असें काम हातीं घेण्यापूर्वीं सैन्यखात्यानें दोन गोष्टींविषयीं आपली खात्री करून घेतली पाहिजे, असें हें कलम बजावतें. एक अशी कीं, या कामानें अमेरिकेचें व त्या देशाचें, अशा दोघांचेंहि संरक्षणविषयक हित साधलें पाहिजे. आणि दुसरी अशी कीं, काम करणाऱ्या सैनिकांचें युद्धसज्जतेस लागणारें विशिष्ट कौशल्य त्या कामानें वाढलें पाहिजे. ही दुसरी अट मोठी विलक्षण आहे. गांवाला शाळेची कितीहि निकड असो. ती बांधून सैनिकाचा हात जर कांहीं शिकणार नसेल, तर या कलमाखालीं ती बांधतां येत नाहीं.

दात्यानें आपला लाभ दानपत्रांतच लिहून ठेवावा, ही गोष्ट जगांत फारशी आढळत नाहीं. आपल्याकडे धर्मशाळेच्या दारावर दात्याचें नांव कोरतात, त्याचा हेतु कोरीत नाहींत. अमेरिकन कायद्यानें हेतु कोरला आहे, आणि त्याबद्दल त्याला नांवें ठेवण्याऐवजीं मी प्रथम त्याची तारीफच करीन. मात्र हा प्रामाणिकपणा त्या लोकांच्या ठायीं आपोआप उद्भवला नाहीं. तो हिशेबनिसांनीं त्यांच्याकडून वदविला. १९८३ च्या सुमारास होंडुरासमध्यें अमेरिकन सैन्याच्या मोठमोठ्या कवायती सुरू झाल्या. शेजारच्या निकाराग्वांतील सरकार उलथून टाकण्याची खटपट त्या वेळीं चालूं होती, आणि त्या खटपटीशीं कवायतींचें असलेलें नातें कोणापासून लपून राहिलें नव्हतें. कवायतींच्या ओघांत विमानांसाठीं धांवपट्ट्या झाल्या, तसाच गोरगरिबांना औषधोपचारहि झाला. अमेरिकन लोकसभेच्या एका सभासदानें याविषयीं सरकारी हिशेबतपासणी खात्याकडे विचारणा केली, आणि त्या खात्यानें १९८४ सालीं असा अभिप्राय दिला कीं, सैन्याच्या चालू खर्चासाठीं मंजूर झालेला पैसा अशा बांधकामांवर व परोपकारावर खर्च करणें गैर आहे. तेव्हां परोपकार हाहि सैनिकी शिक्षणाचाच भाग आहे असें ठरविल्यावांचून तो करतां येईना. कलमांतील ती विलक्षण अट अशा रीतीनें जमाखर्चाच्या वहींतून जन्माला आली आहे. तिच्यांत कावेबाजपणा शोधूं पाहणाऱ्यांची यामुळें थोडी निराशा होईल.

सैन्यांतील इंजिनिअर हा मनुष्य मात्र आधीं नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे जुने लोक त्याला सफरमैना म्हणत, आणि खडकीची सफरमैनांची छावणी पुणेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. सैन्याच्या पुढें जाऊन पूल बांधणें हें त्याचें काम, आणि माघार घ्यावी लागली तर तोच पूल उडवून देणें हेंहि त्याचेंच काम. बांधणारा आणि मोडणारा असे दोन पुरुष त्याच्या एकाच गणवेषांत नांदत असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४२ सालीं, अमेरिकन आरमारानें ज्या बांधकाम पलटणी उभारल्या, त्यांत पहिल्यानें भरती झालेले लोक कसलेले गवंडी, सुतार, यंत्रें चालविणारे असे धंद्यांत मुरलेले होते. ‘आम्ही बांधतों, आम्ही लढतों’ अशा अर्थाचें लॅटिन वाक्य त्यांनीं आपलें ब्रीद म्हणून घेतलें. या पलटणींतून तेरा तेरा माणसांच्या तुकड्या निवडून १९६३ पासून दक्षिण व्हिएतनाममधील खेडोपाडीं पाठविण्यांत आल्या. विहिरी, रस्ते, शाळा यांबरोबरच सैनिकी छावण्याहि त्यांनींच बांधावयाच्या होत्या. १९६५ च्या जूनमध्यें अशीच एक तुकडी एका छावणीच्या कामावर असतां तिच्यावर जबरदस्त हल्ला झाला, आणि हातांतील हत्यारें टाकून तिला बंदुका घ्याव्या लागल्या. ब्रीदांतील दोन क्रियापदांमध्यें अंतर किती थोडें असतें, हें त्या रात्रीं दिसून आलें.

शांततेच्या काळांत या माणसाचें काय करावयाचें, हा प्रश्न प्रत्येक सरकारपुढें असतो. हात चालूं राहिला नाहीं तर तो बोथटतो. मग छावणीच्या आवारांत भिंत बांधून ती पाडून टाकण्यापेक्षां, जेथें ती कोणाच्या तरी उपयोगीं पडेल अशा ठिकाणीं जाऊन बांधावी, हें शहाणपणाचेंच नव्हे काय? १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नांवाच्या वादळानें होंडुरास व निकाराग्वा या देशांत अनर्थ केला. मध्य अमेरिकेंत दहा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. दुसऱ्या वर्षीं ‘नवीं क्षितिजें’ या नांवाखालीं चालणाऱ्या अमेरिकन कवायतींचा व्याप या भागांत पुष्कळच वाढविण्यांत आला. त्यांत काम करणारे बरेचसे लोक राखीव दलांतले होते; म्हणजे वर्षभर आपापला धंदा करावयाचा आणि वर्षांतून दोन आठवडे पलटणींत हजेरी द्यावयाची, अशा प्रकारचे. ते दोन आठवड्यांसाठीं येत, पाया खणून किंवा दोन-चार थर चढवून परत जात, आणि पुढच्या पंधरवड्यांत दुसरी मंडळी येऊन तेथून पुढें काम उचलीत. यांतले कांहीं जण आपल्या गांवीं नळ जोडणारे, कांहीं दुकानदार, कांहीं कदाचित् शाळामास्तरहि असतील. अशा माणसानें परक्या गांवच्या मुलांसाठीं रणरणत्या उन्हांत सिमेंट कालवावें यांत खोटें असें कांहीं नाहीं. त्याच्या मनांतला आनंद खरा असतो, आणि त्या आनंदाची थट्टा करणारें लिखाण मला आवडत नाहीं.

तथापि नीतिशास्त्र शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाला असा प्रश्न समोर आला म्हणजे जुन्या आचार्यांना साक्षीस बोलावल्यावांचून राहवत नाहीं. कान्ट काय म्हणेल हें उघड आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वागवूं नये, हा त्याचा दंडक; आणि येथें तर खेड्यांतील मुलांची गरज हें सैनिकाच्या शिक्षणाचें साधन करण्यांत आलें आहे. परंतु कान्टच्या वाक्यांतील ‘केवळ’ हा शब्द विसरून चालणार नाहीं. मुलांना शाळाहि मिळते आहे. तीं केवळ साधन राहिलीं नाहींत. उलट पक्षीं मिल्ल म्हणेल कीं, बुडणाऱ्याला जो बाहेर काढतो तो योग्यच करतो, मग तो कर्तव्यबुद्धीनें काढो कीं बक्षिसाच्या आशेनें काढो. हेतूवरून फार तर त्या माणसाची किंमत ठरेल, कृत्याची नव्हे. या न्यायानें पलटण निर्दोष सुटते. आणि आपली गीता? सतराव्या अध्यायांत दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत परतफेडीच्या अपेक्षेनें दिलेलें तें राजस. तेव्हां ही शाळा राजस दानांत जमा करून मोकळें व्हावें, असा मोह प्रथम होतो. पण गीतेनें तिसराहि एक प्रकार सांगितला आहे, व त्याकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. अयोग्य स्थळीं व अयोग्य वेळीं जें दिलें जातें, आणि घेणाऱ्याचा मान न ठेवतां, अवज्ञेनें जें दिलें जातें, तें तामस. येथें हेतूचा प्रश्नच नाहीं. प्रश्न आहे तो देण्याच्या रीतीचा. हें वर्गीकरण करणाऱ्याची नजर कान्ट आणि मिल्ल या दोघांपेक्षांहि या बाबतींत अधिक तीक्ष्ण होती असें मला वाटतें.

हेतूच्या शुद्धाशुद्धतेवर फार भर देण्यांत अर्थ नाहीं, हें आपल्या इतिहासावरूनहि दिसेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची जुनी इमारत वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. १८६४ सालीं तिचा पाया घातला गेला व १८६८ मध्यें कॉलेज तेथें राहावयास गेलें. तिचा आराखडा काढणारा विल्किन्स हा लष्करी इंजिनिअर होता. कॉलेज नव्या जागेंत गेलें त्या सुमारास हा गृहस्थ हबसाणच्या मोहिमेवर होता. तेथील टेहळणीवर त्यानें पुढें एक पुस्तकहि लिहिलें. परक्या सत्तेच्या अशा एका शिपाईगड्यानें आखलेल्या भिंतींच्या आंत आगरकर आणि टिळक यांची गांठ पडली, तेथें त्यांचे वाद झाले, आणि सरकारी नोकरी न धरतां शाळा काढण्याचा बेत शिजला. इंग्रज सरकारनें कॉलेज बांधलें तें कांहीं यासाठीं नव्हे. दगडाला हेतु नसतो. बांधणाऱ्याच्या मनांतील बेत भिंतींत मुरत नाहीं, हें यावरून म्हणतां येईल. पलटणीनें बांधलेल्या शाळेंतूनहि उद्यां एखादा असा विद्यार्थी निघेल कीं, जो त्या पलटणीच्या सरकारलाच जाब विचारील. निघो बापडा.

परंतु या उदाहरणानें जितकें सिद्ध होतें असें प्रथमदर्शनीं वाटतें, तितकें होत नाहीं. डेक्कन कॉलेजच्या इमारतीसाठीं जिजीभाई घराण्याची मोठी देणगी होती, व उरलेला पैसा म्हटला तरी तो सरकारनें येथूनच गोळा केलेला. तें सरकार परकें असलें तरी येथेंच ठाण मांडून बसलें होतें. त्याच्याकडे अर्ज करतां येत असे, वर्तमानपत्रांतून त्याच्यावर कोरडे ओढतां येत असत, आणि ते ओढण्यांत पुण्याची मंडळी कशी पटाईत होती हें सर्वश्रुत आहे. पंधरा दिवसांसाठीं येऊन जाणाऱ्या पलटणीवर कोरडे कोणीं आणि कोठें ओढावे?

हा मुद्दा मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. वर्गांत कान्ट आणि मिल्ल यांची वर दिली आहे तशी झुंज मी लावून दिली होती, व मुलांचे नेहमींप्रमाणें दोन तट पडले होते. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकून ती कॉलेजांत आलेली. ती उठून म्हणाली, “सर, आमच्या शाळेचं छत गळायला लागलं, तेव्हा माझे आजोबा पंचायतीत जाऊन सरपंचांशी भांडले होते. तिथं छत गळलं तर कोणाशी भांडायचं?” वर्ग हंसला. मला मात्र त्या तासाला पुढें फारसें बोलतां आलें नाहीं, कारण दोन्हीं पक्षांनीं जो प्रश्न विचारलाच नव्हता तो तिनें विचारला होता.

भांडतां येणें ही क्षुल्लक गोष्ट नाहीं. आपण मजुरी देऊन गवंडी लावतों. तो येतो पोटासाठीं; आपल्या मुलांविषयीं त्याला कळवळा असतो असें नाहीं. तरी त्याची भिंत चांगली असूं शकते, आणि वांकडी झाली तर ‘पाड आणि पुन्हां बांध’ असें आपण त्याला सांगूं शकतों. त्याचा हेतु स्वार्थाचा असूनहि व्यवहार स्वच्छ राहतो, कारण आपल्या बाजूस हक्क असतो. आमच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची कोणीं स्तुति केल्याचें मीं आजवर ऐकलेलें नाहीं. पण तेंहि खातें ठेकेदाराच्या बिलांतून अनामत कापून ठेवतें, आणि ठराविक मुदतींत दोष निघाला तर तो त्यानें स्वखर्चानें दुरुस्त करावा अशी अट घालतें. अट पुष्कळदां पाळली जात नाहीं. पण ती आहे, आणि ती आहे म्हणून आजोबा पंचायतीपर्यंत जाऊं शकतात. दानाला अनामत नसते. फुकट मिळालेल्या घोड्याचे दांत मोजणारा कृतघ्न ठरतो. आणि देणारा जर बंदूकवाला असेल, तर त्याच्या घोड्याला ‘नको’ म्हणण्याचीहि सोय राहत नाहीं.

४०१ व्या कलमाकडे या दृष्टीनें पुन्हां पाहावें. काम करण्यास कोणाची संमति लागते? अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची. कोणाचें हित पाहावें? दोन्हीं देशांचें. कोणाचें कौशल्य वाढावें? सैनिकाचें. तेथील लोकांच्या प्राथमिक गरजा या कामानें भागल्या पाहिजेत, असेंहि कलमांत म्हटलें आहे, आणि सैनिकी वा निमसैनिकी उद्योग करणाऱ्या कोणासहि ही मदत मिळूं नये, अशी चांगली सावधगिरीहि त्यांत आहे. पण ज्या गांवांत शाळा व्हावयाची त्या गांवाला विचारावें, असें त्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. गरज आहे, पण गरजवंताला तोंड नाहीं. एखादा भला अधिकारी गांवकऱ्यांना बोलावून विचारीतहि असेल; मग तो त्याचा सज्जनपणा झाला, गांवाचा अधिकार नव्हे. गीतेनें ज्याला अवज्ञा म्हटलें आहे ती नेहमीं तुच्छतेच्या शब्दांनींच व्यक्त होते असें नाहीं. घेणाऱ्याला न विचारतां, अगदीं हंसतमुखानें आणि मुलांना खाऊ वाटूनहि ती होऊं शकते.

यांतूनच दुसरी एक गोष्ट निघते. सैनिकाचें शिक्षण ज्या दिवशीं पुरें होतें, त्याच दिवशीं शाळेचें काम सुरू होतें. पत्रे चढले, फीत कापली, दोन्हीं देशांचीं निशाणें फडकलीं, कीं पलटणीच्या अहवालांत काम संपलें. मास्तर, बाकें, खडू, पावसाळ्यानंतरची डागडुजी हीं सारीं त्या देशाच्या सरकारनें पाहावयाचीं. ज्या सरकारला त्या गांवांत आजवर चार खोल्या बांधतां आल्या नाहींत, त्याला तेथें मास्तर नेमून त्याचा पगार दरमहा पोंचवितां येईल, हें गृहीत धरलेलें असतें. रस्ता केला तर त्यावरून दुसऱ्या दिवशींच गाडी जाते. विहिरीला पाणी लागलें कीं त्याच संध्याकाळीं घागर भरते. शाळेची जात वेगळी आहे. ती रोज सकाळीं नव्यानें उघडावी लागते.

अफगाणिस्तानांत हा सगळा व्यवहार अधिक भयंकर स्वरूपांत दिसला, कारण तेथें कवायत नव्हती, युद्धच होतें. २००३ च्या आरंभापासून प्रांतोप्रांतीं सैनिक व मुलकी अधिकारी यांचीं संयुक्त पुनर्रचना-पथकें स्थापन होऊं लागलीं. बांधकाम बहुधा स्थानिक ठेकेदार करीत. पैसा, देखरेख व निवड सैन्याची. पलटणीच्या नायकाच्या हातीं यासाठीं स्वतंत्र निधि दिलेला असे, आणि त्याच्या वापराविषयीं २००९ सालीं जी पुस्तिका अमेरिकन सैन्यानें काढली तिचें नांवच मुळीं ‘शस्त्र म्हणून पैसा’ अशा अर्थाचें होतें. पुन्हां एकदां तोच प्रामाणिकपणा! परंतु शस्त्र म्हणून दिलेली शाळा शत्रूनेंहि शस्त्र म्हणूनच ओळखावी, यांत नवल तें काय? ज्या इमारतीवर परक्या सैन्याची मोहोर आहे, तिच्या ओसरीवर आपलें सहा वर्षांचें पोर बसवावें कीं नाहीं, हा विचार तेथील बापाला करावा लागला. तो विचार पुस्तिकेच्या लेखकांना करावा लागला नाहीं.

मदत आणि मोहीम यांची सरमिसळ किती थराला जाऊं शकते याचें एक उदाहरण २००४ मधलें आहे. दक्षिण अफगाणिस्तानांत मित्रसैन्यानें पत्रकें वाटलीं. त्यांचा मतलब असा कीं, मदत चालूं राहावी असें वाटत असेल तर तालिबान व अल-कायदा यांच्याविषयीं बातमी देत जा. ‘सीमांवांचून डॉक्टर’ या अर्थाचें फ्रेंच नांव असलेल्या संस्थेनें त्यावर जाहीर निषेध केला. पुढें जूनमध्यें बादघीस प्रांतांत तिच्या पांच कार्यकर्त्यांची हत्या झाली, आणि जुलैमध्यें चोवीस वर्षांचें काम सोडून ती संस्था त्या देशांतून निघून गेली. हत्येचा तपास नीट झाला नाहीं, ही तिची तक्रार होतीच. परंतु सैन्यानें मदतीचा वेष पांघरल्यामुळें खऱ्या मदत करणाऱ्याची ओळखच पुसली गेली, ही तिची दुसरी तक्रार मला अधिक मूलगामी वाटते. २००९ मध्यें ती संस्था परत आली. मधल्या पांच वर्षांत जे रोगी दारावरून परत गेले असतील, त्यांचा हिशेब पत्रकें छापणाऱ्यांच्या खात्यांत कोणीं मांडला नाहीं.

आणि छत? त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें एका सरकारी अहवालांत सांपडलें. काबूलजवळच्या बाथखाक येथील शाळेच्या विस्ताराचें काम अमेरिकन सैन्याच्या या निधींतून झालें. करारांत भिंती दगडी व छप्पर लाकडी कैच्यांचें असें होतें. ठेकेदारानें, कोणाची परवानगी नसतां, भिंती विटांच्या घेतल्या आणि वर काँक्रीटचा जड स्लॅब टाकला. प्रदेश भूकंपाचा आहे. अफगाणिस्तानांतील खर्चाची तपासणी करण्यासाठीं अमेरिकन लोकसभेनें जें खातें नेमलें होतें, त्यानें २०१३ सालीं हा प्रकार उजेडांत आणून इमारतीच्या भक्कमपणाविषयीं शंका व्यक्त केली. म्हणजे तक्रार झाली, नाहीं असें नाहीं. पण ती अमेरिकन तपासनिसानें अमेरिकन करदात्याच्या वतीनें, अमेरिकन पैशाविषयीं केली. ज्यांच्या मुलांनीं त्या स्लॅबखालीं बसावयाचें, त्यांच्या वतीनें भांडण्याचा अधिकार त्या सगळ्या कागदांत कोणालाहि दिलेला नव्हता. होंडुरासच्या वेळीं ज्या हिशेबनिसानें दात्याकडून हेतु वदविला, त्याचाच भाऊबंद येथें पुन्हां भेटतो. या साऱ्या कथेंत माझ्या मनांत आदर उत्पन्न झाला असेल तर तो या जमातीविषयीं.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्ही प्राध्यापक मंडळी पंख्याखालीं बसून हीं सूक्ष्म विवेचनें करतां, ज्या गांवची शाळा मिच वादळानें वाहून नेली, त्या गांवाला तुमच्या हक्काच्या गप्पा काय कामाच्या? तेथें यंत्रें घेऊन, चिखल तुडवीत पोंचण्याचें बळ सैन्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ होतें?’ हा आक्षेप पोकळ नाहीं. संकटांत सैन्य धांवून येतें तें त्याच्याजवळ शिस्त व साधनें तयार असतात म्हणून. आपल्याकडेहि भूकंपांत आणि महापुरांत लोक प्रथम लष्कराचीच वाट पाहतात. ढिगारा उपसणें, तात्पुरता पूल टाकणें, पाणी पोंचविणें, हीं कामें त्याच्या हातीं शोभतात. तीं वेगानें व्हावीं लागतात आणि झालीं कीं संपतात. पावसांत उभ्या असलेल्या पोरांवर जर कोणीं पत्रे घातले, तर ते पत्रे कोणाच्या कलमाखालीं आले हें मी त्यांच्या आईबापांना विचारावयास जाणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, संकट ओसरल्यानंतर, दरसालच्या कवायतीचा एक भाग म्हणून, नकाशावर गांवें निवडून ज्या शाळा बांधल्या जातात, त्यांचें समर्थन वादळाच्या नांवानें करूं नये. आणि त्या बांधावयाच्याच असतील, तर करारनाम्यावर गांवाच्या पंचांचीहि सही घ्यावी; जागा त्यांनीं दाखवावी, ‘शाळा नको, वाटेवरचा ओढा आधीं बांधा’ असें म्हणण्याची त्यांना मोकळीक असावी; आणि पांच वर्षांच्या आंत भिंत तडकली तर कोणत्या कचेरींत कोणाला गांठावें, हें त्यांच्या भाषेंत लिहून द्यावें. असें लिहून देण्यास कोणतीहि पलटण नाखूष असेल हें मला कळतें. पलटण आज येथें तर उद्यां तेथें; ती पांच वर्षांची जबाबदारी घेणार कशी? पण मग ती शाळा कशाला बांधते?

इमारत आणि शाळा या दोन वस्तु वेगळ्या आहेत, हें अफगाणिस्तानानें दोन्हीं अंगांनीं दाखवून दिलें. २०२१ मध्यें तालिबानांच्या हातीं सत्ता आल्यावर सहावीच्या पुढील मुलींना शाळेचीं दारें बंद झालीं. त्या दारांना कोणाच्या पैशाच्या बिजागऱ्या होत्या, याचा त्या मुलींना काडीचाहि उपयोग झाला नाहीं. उलट, त्याच देशांतील घोर या डोंगराळ आणि अतिशय गरीब प्रांतांत २००७-०८ च्या सुमारास एक निराळा प्रयोग झाला. एकतीस गांवें घेतलीं, आणि त्यांतील कांहीं गांवांत, चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें निवडून, गांवांतल्या गांवांतच शाळा सुरू केल्या. त्यांना स्वतःची इमारत नव्हती. गांवकऱ्यांनीं कोठें मशिदींत, कोठें कोणाच्या घरांत जागा करून दिली. बाहेरून आलीं तीं पुस्तकें, साहित्य आणि शिक्षकांची तयारी. पैसा तेथेंहि अमेरिकेचाच होता, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे; मात्र तो सैन्याच्या मार्फत आला नव्हता. ज्या गांवांत अशा शाळा झाल्या, तेथें शाळेंत जाणाऱ्या मुलांचें प्रमाण इतर गांवांपेक्षां शेंकडा बेचाळिसांनीं अधिक भरलें, आणि मुलगे व मुली यांच्यामधलें अंतर जवळजवळ नाहींसें झालें. लांबच्या शाळेंत मुलीला धाडण्यास जो बाप तयार नव्हता, तो शेजारच्या ओसरीवर तिला पाठवूं लागला. या शाळांच्या उद्घाटनाचीं छायाचित्रें कोणीं काढलीं असतील असें वाटत नाहीं. काढावयाचीं तरी कशाचीं? अंथरलेली सतरंजी, एक फळा, आणि समोर बसलेलीं पोरें. शिक्षक बहुधा त्याच पंचक्रोशींतला, साऱ्या गांवाच्या ओळखीचा. एखाद्या सकाळीं तो आलाच नाहीं, तर कोणाच्या दारावर जाऊन थाप मारावयाची, हें त्यांतल्या सर्वांत लहान पोरालाहि ठाऊक असणार.